फायटरचं पोट फुगलं की लगेच वाटाणा देऊ नका

थंडी पडली की फायटर, म्हणजे बेटा, हे छोटे रंगीत मासे पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरायला लागतो. ‘फायटरचं पोट फुगलंय? घाबरू नका, अपचन आहे. वाटाणा उकडून, साल काढून द्या. पाण्यात चमचाभर मीठ टाका. सगळं पाणी बदला. तरी फरक पडला नाही तर निळं औषध घाला. आठवड्यात मासा ठणठणीत!’ पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण माझा पहिला फायटर मी हाच सल्ला तंतोतंत पाळून गमावला. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेऊन बोलतो.

‘अपचन आहे.’ असेलही, पण पोट फुगणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. त्यामागे निदान चार-पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून औषधाच्या आधी मासा पाहायचा. बाजूने तर पाहायचाच, पण वरूनही पाहायचा. पोट पुढच्या बाजूला गोल झालंय, खवले अंगाला चिकटलेले आहेत, मासा खायला धावून येतोय, फक्त विष्ठा दिसत नाही, तर जास्त खाणं झालं असण्याची शक्यता मोठी. सुकवलेले किडे कोरडेच दिले की असं होतं, कारण ते पाणी शोषून फुगतात. मादी असेल आणि पोटाखाली, पुढच्या परांच्या मागे, पांढरा ठिपका दिसत असेल, तर ती अंड्यांनी भरलेली असू शकते. तिला औषधाची गरजच नाही. फुगवटा एकाच बाजूला असेल आणि आठवड्यांमागून आठवडे हळूहळू वाढत असेल, तर गाठ असू शकते.

आणि वरून पाहिल्यावर अंगभर खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेले दिसले, डोळे बाहेर आले, मासा तळाशी बसून राहिला, तर ती ड्रॉप्सी. माशाचा जलोदरच म्हणा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत येत राहतं. मूत्रपिंडं ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकत राहतात. जिवाणूंचा संसर्ग, गाठ, दीर्घकाळ खराब पाण्यात राहणं, अशा कुठल्याही कारणाने हे काम बिघडलं की पाणी पोटात साठतं. अशा माशाला अपचनाचा रुग्ण समजून चार दिवस वाट पाहणं म्हणजे हातातले चार दिवस घालवणं. मी तेच केलं होतं. खवले उठलेले मला तिसऱ्या दिवशीच दिसले होते, पण मजकुरात त्याबद्दल काही नव्हतं, म्हणून मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

‘वाटाणा द्या.’ हा उपाय गोल्डफिशवरून आलाय. गोल्डफिश वनस्पतीही खातो, फायटर तसा नाही. तो मूळचा थायलंडचा, चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातल्या उथळ, झाडोऱ्याच्या पाण्यातला आणि भातखाचरांतला. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर घोषित केलं. त्याचं तोंड वर वळलेलं आहे ते पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे आणि डासांच्या अळ्या टिपायला. वाटाण्यातला पिष्टमय भाग पचवायला त्याचं आखूड आतडं बनलेलंच नाही. अपचनाची शंका असेल तर दोन दिवस काहीच देऊ नका; धडधाकट फायटर तेवढा उपास सहज सोसतो. मग थोडा डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला बारीक कवचधारी जीव, द्या, जिवंत किंवा गोठवलेला. त्याच्या कवचाचा चोथा आतडं मोकळं करायला मदत करतो.

‘चमचाभर मीठ.’ कुठलं मीठ, कुठला चमचा, किती लिटरला? तीन लिटरच्या बरणीत आणि तीस लिटरच्या टाकीत एकच चमचा कसा चालेल? स्वयंपाकाचं मीठ सोडियम क्लोराइड आहे. नायट्राइटची, म्हणजे घाणीतून पाण्यात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याची, बाधा झाली असेल तर त्याचा खरोखर उपयोग होतो. पण सुजेसाठी वापरतात ते एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. दहा लिटरला अर्धा चहाचा चमचा, आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून, हळूहळू घालायचा. मीठ कुठलंही असो, ते पाण्याबरोबर उडून जात नाही. रोज नव्याने टाकत गेलात तर प्रमाण वाढतच जातं. जेवढं पाणी बदललं तेवढ्यापुरतंच पुन्हा घालायचं. आणि एप्समने सूज थोडी उतरली, तरी सूज ज्यामुळे आली ते कारण बरं होत नाही. थोडा वेळ मिळतो, इतकंच.

‘सगळं पाणी बदला.’ हे वाचून मला सगळ्यात जास्त भीती वाटते. आजारी माशाला एकदम नव्या पाण्यात टाकलं, नळाचं क्लोरीन तसंच राहिलं, तापमान चार अंशांनी घसरलं, तर आगीतून फुफाट्यात. रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. क्लोरीन काढलेलं, तितक्याच तापमानाचं. त्याआधी चाचणी किटने पाण्यातली अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्यं मोजा. दोन्ही शून्य हवेत. फिल्टर नसलेल्या छोट्या बरणीत ते शून्य राहणं फार कठीण, आणि अनेकदा दुखण्याचं मूळ तिथेच असतं.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. ते अंड्यांवरच्या आणि अंगावरच्या बुरशीसाठी ठीक. पोटातल्या सुजेसाठी ते घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याने मरू शकतात ते वेगळंच. घरातल्या माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकणं तर नकोच. ड्रॉप्सीत जिवाणूंवरचं औषध लागू शकतं, पण ते मासा जेवत असताना, खाण्यातून पोटात गेलं तर जास्त कामाचं. कुठलं आणि किती, हे पशुवैद्याने ठरवायचं. माशांचे पशुवैद्य कमी आहेत हे खरं, म्हणून वरून आणि बाजूने काढलेले फोटो, पाण्याचे आकडे आणि तापमान हाताशी ठेवूनच फोन करा.

‘आठवड्यात ठणठणीत.’ अंगभर खवले उठलेले फायटर फार थोडे वाचतात. हे आधी कळलं तर माणूस निदान माशाला उगाच छळत नाही. आणखी एक, या मजकुरात कधीच नसतं ते. फायटरमध्ये मायकोबॅक्टेरिया या जिवाणूंचा संसर्ग आढळतो आणि त्यातला एक प्रकार माणसाच्या हातावरच्या जखमेतून आत शिरू शकतो. हाताला कापलेलं असेल तर हातमोजे घाला, आजारी माशाची जाळी वेगळी ठेवा.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, नाशिकच्या घरी, माझ्या निळ्या फायटरचं पोट फुगलं. खवले सपाट होते, भूक होती. थर्मामीटर घातला तर पाणी १९ अंशांवर होतं. त्याला २५ ते २८ लागतं, गारठ्यात पचन मंदावतं. हीटर लावून दीड दिवसात पाणी हळूहळू २६ वर आणलं, दोन दिवस उपास, मग चिमूटभर डॅफ्निया. चौथ्या दिवशी सकाळी तळाशी विष्ठा दिसली आणि संध्याकाळी तो पुन्हा काचेपाशी येऊन कल्ले फुलवत उभा राहिला.