पान क्रमांक ८७

आमच्या गावच्या वाचनालयाचे कार्यवाह वर्षातून एकदाच घरी येतात, वर्गणीची पावती फाडतात, चहा घेतात आणि जातात. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र पावती फाडून झाली, चहा संपला, कपबशी आत गेली, तरी ते खुर्चीतच बसून राहिले. त्याच वेळी हे प्रकरण वर्गणीपेक्षा महाग पडणार, हे मला कळायला हवे होते. वाचनालयाच्या वार्षिक मेळाव्यात ‘सरत्या वर्षातील माझी आवडती पुस्तके, चित्रपट आणि मालिका’ या विषयावर मी अर्धा तास बोलावे, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले होते म्हणे. नकार देण्यासाठी मी तोंड उघडले, तोच ते म्हणाले, “तुमच्यासारखा वाचणारा माणूस सगळ्या फोंडा तालुक्यात शोधून मिळायचा नाही.” माझे उघडलेले तोंड मग तसेच हसण्याच्या कामी लागले.

खरी धास्ती होती ती आदल्या वर्षीच्या वक्त्याची. ते गावातले निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी एक हंगेरियन कादंबरी, एक कोरियन चित्रपट आणि एक डॅनिश मालिका यांवर पाऊण तास भाषण केले होते. त्यांतले एकही नाव श्रोत्यांना उच्चारता येण्यासारखे नव्हते, त्यामुळे शंका कोणीच विचारल्या नाहीत आणि टाळ्या मात्र भरपूर वाजल्या. एवढ्या उंचीवरून उतरलेल्या व्यासपीठावर आता मला चढायचे होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी एक कोरी वही घेतली, पानावर तीन रकाने आखले आणि वर्षाचा हिशेब मांडायला बसलो. आमच्या घरात, गोव्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे, बोलणे कोंकणीत चालते आणि लिहिणे मराठीत. त्यामुळे माणूस लिहायला बसला की काहीतरी गंभीर घडले आहे, अशी घरातल्यांची समजूत होते. “कितें रे बरयता?” असे आईने दोनदा विचारले, आणि मी मृत्युपत्र करीत नाही याची खात्री झाल्यावरच ती टीव्हीकडे वळली.

पुस्तकांच्या रकान्यात पहिले नाव लिहायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ ही कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. लेखकाला पुढे ज्ञानपीठ मिळाले, आणि ते काही काळ गोवा विद्यापीठात शिकवत असल्यामुळे आम्ही त्यांना थोडेफार आपलेच मानतो. हे पुस्तक माझ्या उशाशी तीन वर्षे आहे. उशाशी आहे म्हणजे वाचले आहे, असा अर्थ पाहुणे काढतात आणि मी तो खोडून काढीत नाही. वस्तुस्थिती अशी की कदंबच्या फोंडा-पणजी बसचे एक तिकीट तेव्हापासून पान क्रमांक ८७ वर बसून आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या खंडेरावाला वडील अत्यवस्थ असल्याची तार येते आणि तो घरी निघतो. वडील अत्यवस्थ असलेल्या त्या बिचाऱ्याला मी तीन पावसाळे वाटेतच अडकवून ठेवले आहे. चवथीच्या साफसफाईत हे पुस्तक एकदा माळ्यावरच्या ट्रंकेत गेले होते. मी रागावलो, तेव्हा सौभाग्यवतींनी मुखपृष्ठावरील ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ या शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “वर लिहिलंय ते वाचूनच ठेवलं.” माझ्यापेक्षा त्यांनीच त्या पुस्तकाचे जास्त मनापासून वाचन केले होते, असे आता वाटते.

दुसरे नाव म्हणून मी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ लिहिली. १९३९ सालची ही लहानशी कादंबरी मी कॉलेजात असताना खरोखरच वाचली होती. भाषणात ‘यंदा पुन्हा वाचली’ असे म्हणायचे ठरवले, कारण ‘पुन्हा’ या शब्दाला एक निराळेच वजन असते. पहिल्यांदा वाचतो तो वाचक आणि पुन्हा वाचतो तो रसिक, असा आपल्याकडे संकेत आहे.

खरे तर या वर्षी मी जे पुस्तक एका बैठकीत, जूनच्या पावसात, पेज निवायला ठेवून वाचून काढले आणि संपल्यावर लगेच पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केले, ते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी आलेले ते आत्मचरित्र. आपल्या नवऱ्याच्या लहरीपणाची एवढी प्रेमळ फजिती मराठीत दुसऱ्या कोणत्या बाईने केली असेल असे मला वाटत नाही. मी हसतो आहे हे पाहून सौभाग्यवतींनीही ते वाचायला घेतले, आणि तेव्हापासून मी भाजी आणायला जाऊन वर्तमानपत्र घेऊन परतलो की त्या नुसत्या “टिळक आले” एवढेच म्हणतात. पण हे पुस्तक मी वहीत लिहिले नाही. शाळेच्या पुस्तकात ज्यातला उतारा धडा म्हणून येतो, ते पुस्तक आवडते म्हणून सांगायला व्यासपीठ कशाला हवे, असा त्या वेळी माझा विचार होता.

चित्रपटांच्या रकान्यात तर गोमंतकीय माणसाला तक्रार करायला जागाच नाही. २००४ सालापासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दर नोव्हेंबरला आमच्या पणजीत भरतो. बाहेरगावची माणसे सुट्ट्या काढून, हॉटेलांची भाडी भरून येतात आणि आम्ही सकाळच्या बसने जाऊन रात्रीच्या बसने परततो. यंदाही मी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवले. ओळखपत्र गळ्यात अडकवून पहिल्या दिवशी महोत्सवाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी, काढायचे राहिले म्हणून, त्याच ओळखपत्रानिशी मासळी बाजारात गेलो. तिथे बांगड्यांचा भाव मला चढाच सांगितला गेला. महोत्सवात एक तीन तासांचा कृष्णधवल चित्रपट पाहिला. सुरुवातीला एक म्हातारा विहिरीकडे चालत निघतो. वातानुकूलित अंधार, मऊ खुर्ची आणि पहाटे पाचला उठलेले शरीर यांचा मिलाफ झाला आणि माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा पडद्यावर एक म्हातारा विहिरीकडे चालत होता. तो तोच होता की पहिल्याचा मुलगा म्हातारा झाला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. बाहेर पडताना शेजारच्या गृहस्थांनी “काय वाटलं?” असे विचारले. मी “काळाची हाताळणी विलक्षण आहे” असे उत्तर दिले आणि त्यांनी मान डोलावली, त्या अर्थी तेही झोपले असावेत. हा चित्रपट मी वहीत ठळक अक्षरांत लिहिला.

वहीत न लिहिलेले दोन चित्रपट होते. पहिला ‘दशावतार’. तो सप्टेंबरात आल्याबरोबर आम्ही आईला घेऊन सहकुटुंब पाहून आलो. ८१ वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांनी त्यात म्हाताऱ्या दशावतारी कलावंताची भूमिका केली आहे. आई त्यांना अजूनही चिमणरावच म्हणते आणि चिमणरावांना या वयात रानावनात फिरवणे तिला मुळीच पसंत पडले नाही. तिने ते थिएटरात सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, आणि मग शेवटी पदर डोळ्यांना लावून बसली. दुसरा ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ सालचा हा चित्रपट या वर्षी मी किती वेळा पाहिला हे मोजलेले नाही, पण पुण्यात खोली मिळावी म्हणून साड्या नेसलेल्या त्या दोघांचे पुढे काय होते हे मला ठाऊक नाही, अशी बतावणी मी दर वेळी तितक्याच निष्ठेने करतो. लक्ष्मीकांत बेर्डे पदर सावरू लागले की आमच्या घरात भांडण चालू असले तरी थांबते.

मालिकांच्या रकान्याशी मी थांबलो, कारण तिथे हिशेबच चुकला. मुख्याध्यापकांच्या धाकाने मीही एक डॅनिश गुन्हेमालिका लावली होती आणि ती लिहून टाकली. तेवढ्यात माझ्या मुलीने, बापाला मदत करावी या शुद्ध हेतूने, टीव्हीवर ‘पाहणे सुरू ठेवा’ ही ओळ उघडून दाखवली. मी वर्षभरात सुरू करून सोडलेल्या प्रत्येक गोष्टीचे चित्र तिथे ओळीने उभे होते आणि प्रत्येकाखाली एक लाल रेघ होती. डॅनिश मालिकेखालची रेघ सापडावी म्हणून मला चष्मा लावावा लागला. “पप्पा, अकरा मिनिटं,” मुलीने आकडा वाचून सांगितला. प्रेत सापडायलाही त्या मालिकेत बारा मिनिटे लागत होती. पूर्ण पाहिलेली म्हणून निघाली ती एकच, ‘पंचायत’. फुलेरा गावच्या त्या ग्रामसचिवाचा चौथा भाग जूनमध्ये आला आणि तीन रात्रींत संपलाही. पण ती मुलीने लावली होती आणि मी नुसता ‘येता-जाता’ पाहत होतो, असे त्या वेळी मीच सगळ्यांना सांगितले होते.

मग लक्षात आली ती आईची मालिका. तिचे नाव मी सांगणार नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ती सुरू होते आणि आईला सोबत म्हणून मी तिथे वर्तमानपत्र घेऊन बसतो. आठवड्याचे सहाच दिवस धरले तरी वर्षाचे तीनशेच्या वर भाग होतात, आणि अर्ध्या तासाच्या हिशेबाने दीडशे तास. एवढ्या वेळात खंडेराव घरी पोहोचून पुन्हा मोहेंजोदडोला गेला असता. वर्तमानपत्र मात्र या काळात एकदाही उलटे धरलेले कोणी पाहिलेले नाही, इतके मी सांभाळले आहे.

आणि वर्षात ज्या एका गोष्टीसाठी मी पहाटे तीनपर्यंत आपखुशीने जागा राहिलो, तिला तर माझ्या वहीत रकानाच नव्हता. आमच्या देवळाच्या जत्रेला गावातली हौशी मंडळी नाटक करतात. अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंडा भागात, जत्रा आणि नाटक ही दोन वेगळी प्रकरणे नाहीतच. पालखी झाली, खाजे बांधून घेतले की माणूस खुर्ची अडवायला धावतो. यंदा ‘संशयकल्लोळ’ होते. देवलांचे हे संगीत नाटक १९१६ सालचे, मूळ कथा मोलिएरकडून फिरत आलेली. फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला, रस्त्यात एका देखण्या तरुणाची तसबीर सापडते, ती तिचे कौतुक करते, नवरा ते पाहतो आणि पुढे सगळा घोळ. आमच्या मंडळींकडून नेमकी तीच तसबीर गर्दीत हरवली. प्रवेश तर सुरू झालेला. तेव्हा प्रॉम्प्टरने प्रसंगावधान राखून सभामंडपाच्या भिंतीवरची एक तसबीर काढली आणि विंगेतून पुढे सरकवली. ती देवस्थानाच्या एका दिवंगत देणगीदारांची होती: पागोटे, पांढऱ्या मिशा आणि चंदनाचा हार. कृत्तिका क्षणभर चरकली. पण बाई पेशाने शिक्षिका, पाठ केलेले सोडणार नाहीत. त्या तरुणाच्या रूपाचे वर्णन त्यांनी त्या हारासकट पुरे केले. फाल्गुनराव झालेले आमचे वायरमन तो चेहरा पाहून नाटकात नसलेले चार शब्द बोलले, ते इथे देत नाही. पहिल्या रांगेत देणगीदारांची नातवंडे सहकुटुंब बसली होती. हा आजोबांचा सन्मान की अपमान हे ठरेना, म्हणून ती सगळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत टाळ्या वाजवीत राहिली. प्रॉम्प्टरचा आवाज नटांपेक्षा खणखणीत असल्यामुळे सगळे नाटक आम्हाला दोनदा ऐकायला मिळाले आणि दोन्ही वेळा आवडले. घरी येताना हसून हसून माझी बरगडी दुखत होती.

एवढे सगळे बाजूला ठेवून मी विहिरीवाल्या म्हाताऱ्यावर भाषण तयार केले. कागद वाचून सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले, “इतल्यो फटी मारूं नाकात.” मी थापा मारल्याच.

मेळाव्याच्या दिवशी मी व्यासपीठावर चढलो, तेव्हा समोर एक टेबल मांडलेले दिसले. कार्यवाहांनी अभिमानाने घोषणा केली की, वक्त्यांनी आगाऊ कळवलेली आणि गेल्या वर्षीच्या वक्त्यांनी सांगितलेली पुस्तके वाचनालयाच्या कपाटांतून काढून श्रोत्यांना हाताळण्यासाठी ठेवलेली आहेत. वाचनालयाच्या पुस्तकाला मागे एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि पुस्तक नेले की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. मी ‘रणांगण’ यंदा पुन्हा वाचल्याचे सांगत होतो, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजींनी ते उचलले, मागचे पान उघडले आणि निरागसपणे विचारले, “पण बाबा, शेवटचा शिक्का २००९ चा दिसतो हो?” सभागृह हसले. मी मदतीसाठी मुख्याध्यापकांकडे पाहिले. त्यांच्या हातात हंगेरियन कादंबरीचा इंग्रजी अनुवाद होता. त्याच्या मागच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता आणि ते पुस्तक ते अतिशय हळुवारपणे मिटत होते.

माझ्या कागदावर अजून चार पाने शिल्लक होती. मी ते घडी करून खिशात घातले आणि जत्रेतल्या तसबिरीची गोष्ट सांगायला घेतली. वायरमन श्रोत्यांतच होते. त्यांनी उभे राहून ते चार शब्दही सांगितले. मग लक्ष्मीबाई झाल्या, ‘बनवाबनवी’ झाली. बोलता बोलता आईच्या मालिकेशी येऊन मी अडखळलो, ती वगळावी की काय असा विचार करीत होतो, तोच मुख्याध्यापक उठून उभे राहिले. मागे एकदा वळून पाहत त्यांनी घसा साफ केला.

“कालचा भाग आमचा चुकला,” ते म्हणाले. “पाहुणे आले होते. धाकटी सून परत आली का?”

“आली,” अर्धे सभागृह एकदम म्हणाले, “पण एकटी नाही.”