मूळ पुरुष डेबियन

लातूरमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेल्या आठवड्यात माझ्या संगणकाला चारचौघांत भंगार म्हणण्यात आले आणि तो राग अजून उतरलेला नाही. संगणक व्यवस्थित चालतो; कळफलकावरची दोन-चार अक्षरे तेवढी पुसट झाली आहेत. त्याचा गुन्हा एवढाच की त्यातला इंटेलचा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा कंपनीकडून होणारा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला.

"सर, किलोवर जाईल," दुकानातला मुलगा मान खाली घालूनच म्हणाला.

"मग मी लिनक्स टाकतो," मी ताठ मानेने सांगितले.

आता मात्र त्याने मान वर केली. "कुठलं?"

हा प्रश्न भर दुकानात विचारण्यासारखा नव्हता. लिनक्स म्हणजे लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला, विंडोजसारख्या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापला संसार थाटून डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा अशी नावे दिली. सगळे फुकट, आणि दुरून पाहणाऱ्याला सगळे सारखेच. मी उबंटू आणि मिंट ही दोन नावे चाचरत उच्चारली, तोच बाकावरून आवाज आला, "गुरुजी, आधी मूळ पुरुष सांगा."

प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून घेण्यासाठी आलेले हे गृहस्थ निवृत्त तलाठी होते. निवृत्त तलाठ्याला बसल्या जागी वाद दिसला की त्याचा हात खिशातल्या पेनाकडे आपोआप जातो. भाऊसाहेबांनी कार्ट्रिजच्या रिकाम्या खोक्याचे झाकण फाडले, ते मांडीवर उलटे ठेवले, पेनाचे टोक अंगठ्याच्या नखावर चालवून पाहिले आणि वंशावळ मांडायला घेतली.

"मूळ पुरुष डेबियन," मी म्हणालो. "१९९३ साली इयान मर्डॉकने सुरू केले."

"हयात?"

"नाही. २०१५ मध्ये वारला."

"वारस?"

वारस असा कोणी नसून जगभरातले स्वयंसेवक ते चालवतात आणि दरवर्षी मतदान घेऊन आपला प्रमुख निवडतात, असे मी सांगितले. "म्हणजे सामाईक गट. लई कटकटीचं असतंय," म्हणत त्यांनी समासात फुली मारली. डेब्रा या मैत्रिणीचे, म्हणजे पुढे झालेल्या बायकोचे नाव आधी आणि स्वतःचे मागून लावून मर्डॉकने हे नाव तयार केले, हे कळल्यावर मात्र त्यांचे मत बदलले. लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचे नाव सातबाऱ्यावर चढवायला लोक किती टाळाटाळ करत, यावर त्यांनी बराच वेळ घेतला. माझा संगणक तोवर उघड्या पोटाने टेबलावर पडून होता.

पुढची नोंद उबंटूची. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने ते डेबियनवरून काढले. "पैसेवाला हाय का?" भाऊसाहेबांनी विचारले. स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला आहे, असे मी म्हणालो.

"मग त्यो फुकट कामून वाटायलाय?"

त्याची कंपनी मोठ्या संस्थांना सेवा आणि देखभाल विकते, हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "शेत फुकट, पाणी विकत!" ज्या गावाने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे, त्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही, सगळ्या दुकानाने माना डोलावल्या.

कुबंटू, झुबंटू, लुबंटू हे उबंटूचेच अवतार, आत तेच, फक्त दर्शनी मांडणी वेगळी. त्यांना भाऊसाहेबांनी पोटहिस्से म्हणून अ, ब, क दिले. २००६ चे मिंट उबंटूवर बेतलेले आहे, पण प्रोग्राम बसवण्याची उबंटूची स्नॅप नावाची पद्धत त्याने २०२० मध्ये मुळातच बंद करून ठेवली, हे ऐकून "बांधाचा वाद," एवढेच ते म्हणाले. खरी हरकत निघाली ती मिंटच्या दुसऱ्या आवृत्तीवर. उद्या उबंटू नाहीसे झाले तर पंचाईत नको म्हणून मिंटवाल्यांनी थेट डेबियनवर बेतलेली एक आवृत्ती वेगळी राखली आहे. "बाप जिता असताना नातवानं आजाच्या नावावरून नोंद करून घ्यायची? असला फेरफार मी उभ्या जन्मात मंजूर केला नसता."

तेवढ्यात लॅपटॉपला स्टिकरे चिकटवलेला एक तरुण, कोणी विचारलेले नसताना, "काका, आर्च टाका," असे आणखी एका लिनक्सचे नाव सुचवून निघून गेला. या जमातीचा मला मनापासून राग आहे. प्रत्येक जण आपण वापरतो तेच सुचवतो. तुम्ही संगणकावर काय करता, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. मी प्रश्नपत्रिका टंकतो, निकालपत्रके करतो आणि वर्षातून एकदा हजेरीपटाचे तक्ते छापतो. यासाठी मला चालू स्थितीतले यंत्र कोणा परक्या कंपनीच्या तारखेपायी फेकून का द्यावे लागावे, आणि फेकायचे नसेल तर दुकानात उभे राहून ही तोंडी परीक्षा का द्यावी लागावी? आमच्या शाळेतले संगणक याहून जुने आहेत. त्यांनाही हा मुलगा किलोवरच घालणार, आणि नव्यांसाठी आम्ही गावात वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरणार.

भाऊसाहेबांनी झाकणाखाली सही करून निकाल दिला: मिंट, कारण वहिवाट शांततेची. मुलगा लगेच म्हणाला, "टाकून देतो सर, पाचशे रुपये."

"ते फुकट असतं ना?"

"ते फुकट आहे सर. मी नाही."

मी संगणक उचलून घरी आणला. मिंट उतरवून घ्यायला बसलो, तर तिथे दर्शनी मांडणीचे पुन्हा तीन पर्याय: सिनॅमन, माते आणि एक्सएफसीई. तिन्हींचे चित्र मला सारखेच दिसले. पहिले होते म्हणून सिनॅमन घेतले. भाऊसाहेबांना विचारले असते तर त्यांनी आधी सरकारी मोजणी मागवली असती.