बोंडअळी आणि योनाचं वादळ: एक खुलासा

आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘योनाने आज्ञा मोडली म्हणून वादळ आलं, तुमच्या कपाशीवर बोंडअळी आली, म्हणजे तुम्हीही दशमांश (देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) चुकवला.’ हे बायबलला धरून नाही.

बायबलमधला संदेष्टा योना देवाने सांगूनही निनवे शहराला जायचं टाळून तार्शीशच्या जहाजात बसला, वादळ त्याच्यामुळे आलं, इथवर बरोबर. पण खलाशांचा काय गुन्हा? बिचाऱ्यांनी माल समुद्रात फेकला, वर योनाला वाचवायला किनाऱ्याकडे वल्ही मारली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले. ते इतरांपेक्षा जास्त दोषी नव्हते, असं येशू स्वतः सांगतो. 2017 साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात बोंडं पोखरली, तेव्हा दशमांशाची पावती कोणत्या अळीने पाहिली? फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवली, की तिला पुढेही खायला मिळत राहतं, हे कारण शेतातलं आहे.

आणि योनाची गोष्ट वादळावर संपत नाही. तिसऱ्या अध्यायात तीच आज्ञा त्याला दुसऱ्यांदा मिळते, मागचं काही न उकरता. मेसेजवाल्याने नेमका तोच अध्याय गाळलाय. येशूचा शिष्य पेत्र याने तर ‘मी येशूला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणून त्याला नाकारलं होतं. त्याला येशूने किनाऱ्यावर निखाऱ्यावरची मासळी खाऊ घातली, मग आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, राखायचं काम त्याच्याकडेच दिलं.