पॉवर केबलने तानपुरे मोकळे होत नाहीत

घरी चांगली ऑडिओ सिस्टीम बाळगणाऱ्यांत एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. अँप्लिफायरबरोबर आलेली साधी काळी पॉवर केबल काढा, जाड, शिल्डवाली (वर धातूच्या जाळीचं आवरण असलेली), अतिशुद्ध तांब्याची किंवा चांदीची केबल लावा, म्हणजे वीज 'शुद्ध' होते, खर्ज घट्ट होतो आणि गायकामागचे तानपुरे मोकळे ऐकू येतात. फक्त केबल शंभर-दोनशे तास 'मुरू' द्यायची. अशा केबलची किंमत काही हजारांपासून लाखांपर्यंत जाते. पहिल्या पगारातून सिस्टीम उभी करणारी मुलं मला विचारतात, स्पीकर थोडे हलके घेऊन ही केबल घेऊ का? नका घेऊ. का, ते एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

दाव्यातला सगळ्यात पटणारा मुद्दा आधी घेतो. भिंतीमागची वायर कशीही असो, अँप्लिफायरला भिडतो तो शेवटचा दीड मीटर, म्हणून तोच महत्त्वाचा, असं म्हणतात. आता विजेची वाट पाहा. कोयनेची असो की चंद्रपूरची, ती उच्चदाबाच्या अॅल्युमिनियमच्या तारांवरून उपकेंद्रात येते, तिथून गल्लीतल्या डीपीवर, मग मीटर, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि भिंतीतली दीड नाहीतर अडीच चौरस मिलिमीटरची वायर. त्यानंतर आपली केबल. वाट तिथेही संपत नाही. अँप्लिफायरच्या आत केसासारखी बारीक तार असलेला फ्यूज आहे आणि ट्रान्सफॉर्मरवर गुंडाळलेली कितीतरी मीटर बारीक तार आहे. भिंतीतल्या वायरपासून या ट्रान्सफॉर्मरपर्यंत हे सगळं एकाच साखळीत आहे. साखळीत अँप्लिफायरचा करंट सगळीकडे सारखाच वाहतो आणि रोधांची फक्त बेरीज होते. कोणता तुकडा पहिला आणि कोणता शेवटचा, याने बेरीज बदलत नाही.

त्या बेरजेत केबलचा वाटा किती? दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या दीड मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध साधारण 0.04 ओहम भरतो. 1 अँपिअर करंट वाहत असेल तर तिच्यात 0.04 व्होल्ट पडतात, 230 पैकी. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतो तेव्हा घरातला दाब याच्या कितीतरी पट हलतो आणि गाणं तसंच चालू राहतं.

पुढचा मुद्दा करंटच्या झटक्याचा. तबल्यावर जोराची थाप पडली की अँप्लिफायर एकदम करंट मागतो आणि तो जाड केबलच देऊ शकते, असं सांगितलं जातं. त्या क्षणी करंट देतात ते आतले मोठे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर सेकंदाला शंभर वेळा, लाटेच्या शिखरापाशी, ते भरत राहतो. भरतानाचे झटके सरासरीपेक्षा बरेच मोठे असतात, हे खरं आहे. म्हणून 10 अँपिअरचा झटका धरू. साध्या केबलमध्ये 0.4 व्होल्ट पडतील आणि लाटेचं शिखर 325 व्होल्टचं आहे. अँप्लिफायर पूर्ण ताकदीने चालवला तरी कमाल आवाजात याने फरक पडतो तो डेसिबलच्या शंभराव्या भागाएवढा. गाणं ऐकताना अर्ध्या डेसिबलचा फरकही सहज कळत नाही.

चांदीचं म्हणाल तर ती तांब्यापेक्षा जेमतेम पाच-सहा टक्के अधिक वाहक आहे. तेवढा फायदा तांब्याची वायर किंचित जाड घेतली की मिळतो. काही केबलवर वीज कुठल्या दिशेने जावी याचा बाण छापलेला असतो, तोही निरर्थक आहे, कारण हा करंट सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. आणि तांबं मुरत नाही. त्या दोनशे तासांत सवय होते ती कानाला.

वीज शुद्ध होण्याच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर विजेत खरखर मिसळतात. पण शिल्ड अडवते ती बाहेरून येणारी लहर. तारेतूनच चालत आलेली खरखर शिल्डच्या आतून सरळ पुढे जाते. ती काढायला कॉइल आणि कंडेन्सरचा फिल्टर लागतो, रेडिओ लहरींसाठी फेराइटची कडी चालते. शिवाय अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर आणि रेग्युलेटर याच कामासाठी बसवलेले असतात. एखादा अँप्लिफायर विशिष्ट केबल लावल्यावरच शांत होत असेल, तर दोष त्याच्या पॉवर सप्लायमध्ये शोधा.

"पण मला फरक स्पष्ट ऐकू येतो," असं म्हणणाऱ्यांना मी खोटं ठरवत नाही. त्यांना तो खरोखर जाणवतो. केबल बदलायला सिस्टीम बंद करावी लागते, मागे हात घालावा लागतो, दोन-चार मिनिटं जातात आणि मग माणूस आधीपेक्षा कान देऊन ऐकतो. तानपुरे आधीही होते, लक्ष आत्ता गेलं. यावरचा उपाय म्हणजे कोणती केबल लावली आहे ते माहीत नसताना ऐकणं. 2004 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ऑडिओ-शौकिनांनी असंच केलं. एकीकडे महागडी पॉवर केबल, दुसरीकडे साधी. 149 उत्तरांपैकी 73 बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. हे तुम्हालाही घरी करता येईल. आवाजाच्या बटणाला हात लावायचा नाही, घरातल्या कुणीतरी नाणेफेक करून केबल लावायची, सांगायचं काहीच नाही, तुम्ही फक्त लिहायचं. सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर आली, तर निव्वळ योगायोगाने तसं घडायची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तसं झालं तर मला जरूर बोलवा, मी येऊन ऐकेन.

विजेने आवाज बिघडतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. आपल्या घरांत तो नक्की बिघडतो, पण वेगळ्या कारणांनी. वीज गेली की स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतला की हे थांबतं. सॉकेटमध्ये पिन ढिली बसली की ठिणगी पडते आणि स्पीकरमध्ये कट्‌कट् येते. त्याला वायरमनकडून नवीन सॉकेट पुरतं.

माझ्या एका मित्राच्या सिस्टीममध्ये सतत भूंऽऽ असा आवाज होता. त्याने केबलवर बराच पैसा घातला, आवाज तसाच राहिला. मी हार्मोनियमवर सूर धरून पाहिला, तर पांढरी पाचच्या (पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) किंचित वर लागला. पांढरी पाच एकेक सप्तक खाली मोजत नेली की 49 हर्ट्‌झला येते आणि आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणजे हा विजेचाच सूर. सेट-टॉप बॉक्सला आलेली केबल टीव्हीची वायर काढली आणि भूंऽऽ बंद. ती वायर एका जागी अर्थ झालेली (जमिनीशी जोडलेली), अँप्लिफायर दुसऱ्या जागी, आणि या दोन अर्थिंगमध्ये फिरणारा करंट ऑडिओच्या तारेतून जात होता. त्या वायरवर हा जोड तोडणारा छोटा आयसोलेटर लावला, काम झालं.

हीच गुरगुर घालवायला अँप्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, असा सल्लाही दिला जातो. तो कधीही ऐकू नका. आतली फेज सुटून डब्याला चिकटली, तर एमसीबी पाडायला तीच पिन लागते.