काळी चार, काळी दोन आणि घंटागाडी

'ला कॅम्पानेला' म्हणजे छोटी घंटा. एवढं इटालियन मला आधीपासून येत होतं. आपल्या घराच्या आसपास एकूण घंटा किती, हे मात्र रेकॉर्डिंगला बसल्यावर समजलं.

'ला कॅम्पानेला' ही पियानोची रचना फ्रान्झ लिस्टची. आडनाव ऐकून आईने आधी "किराण्याची का?" असंच विचारलं होतं. दीड वर्ष मी रोज सकाळी ती घोटत होतो. दीड वर्ष आमच्या नाशिकच्या सोसायटीने ती ऐकली, म्हणजे तिची पहिली दोन पानं ऐकली. पुढची पानं मलाच ऐकायला मिळत नव्हती.

आमचे मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी एकदा विचारलं, "पट्टी कुठली?"

"काळी चार."

"म्हणजे बायकांची!" म्हणाले आणि चहाकडे वळले. लिस्टचा निकाल लागला.

पण मामांच्या भाषेत ही रचना फार सोपी करून सांगता येते. षड्ज, म्हणजे सा, सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, म्हणून काळी चार; घंटा पंचमावर, म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीवर, काळी दोनवर. उजव्या हाताने खाली सूर वाजवायचे आणि त्याच हाताच्या करंगळीने वर जाऊन घंटा वाजवून यायची. पुन्हा खाली, पुन्हा वर. काही ठिकाणी हे अंतर दोन सप्तकांचं होतं. मी मोजलं, ३३ सेंटिमीटर. शाळेतली फूटपट्टी पुरत नाही. बरं, वर जाऊन टेकायचं कुठे, तर जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीच्या काळ्या पट्टीवर. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या टपून बसलेल्या असतात. पापणी लवायच्या आत जाऊन यायचं, आणि ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माणूस निवांत बसलाय. पुढे अनामिका आणि करंगळी अशा दोघींनीच सलग थरथरायचं असतं. माझी अनामिका अंगठी घालण्यापलीकडे आयुष्यात कुठल्याही कामाला गेलेली नाही.

या सगळ्याला मूळ जबाबदार व्हायोलिनवादक पागानिनी. त्याने १८२६ साली व्हायोलिनची दुसरी कॉन्चेर्तो, म्हणजे व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना, लिहिली, तिच्या शेवटच्या भागात वाद्यवृंदात खरीखुरी घंटा वाजते. १८३२मध्ये लिस्टने त्याला पॅरिसमध्ये ऐकलं, आणि वीस वर्षांचा हा पोरगा घरी जाऊन रोज चार-पाच तास नुसता रियाझ करत बसला. वीस वर्षांचा असताना मी बँकेच्या परीक्षा देत होतो, त्यामुळे या बाबतीत आमचं जमणं कठीणच. १८३८मध्ये त्याने पागानिनीच्या रचनांवरचे सहा एत्यूद, म्हणजे सरावाचे तुकडे, रचले, त्यात ही घंटा आली. ते फारच अवघड झाले म्हणून १८५१मध्ये सुधारून पियानोवादक क्लारा शूमनला अर्पण केले. आज सगळे वाजवतात ती ही सुधारलेली, सोपी केलेली आवृत्ती! हे मला एक वर्ष घाम गाळल्यानंतर वाचायला मिळालं. त्या दिवशी मी पियानोचं झाकण लावून सरळ भाजी आणायला गेलो.

पियानो म्हणजे देवळालीच्या एका पारशी बंगल्यातून आलेला उभा अपराइट. आवाज गोड आहे, पण स्वभाव संथ. कॉन्सर्टच्या आडव्या पियानोत एरार या पियानो बनवणाऱ्याने १८२१मध्ये पेटंट घेतलेली एक युक्ती असते. तिच्यामुळे पट्टी अर्धवट वर आली तरी हातोडी पुन्हा मारता येते. लिस्ट एरारचे पियानो वाजवायचा. उभ्या पियानोत ती सोय नसते, पट्टी बरीचशी वर आल्याशिवाय दुसरा ठोका लागत नाही. म्हणजे जिथे घंटेची टणटण भराभर व्हायला हवी, तिथे आमचा पियानो "आलो, आलो" म्हणत जिना चढतो. पावसाळ्यात तर तेवढंही म्हणत नाही. आत दिवा लावून ठेवावा लागतो, कोंबडीच्या पिल्लांना ठेवतात तसा.

असो. एका रविवारी सकाळी साडेसातला रेकॉर्डिंग ठरलं. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल फ्लाइट मोडवर घालून दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर टेकवलेला. मुलाला क्रिकेटला पिटाळलं. बायकोला म्हटलं, पाच मिनिटं कुकर लावू नकोस. ती म्हणाली, "पाचच ना?" त्या 'च'मध्ये दीड वर्षाचा अनुभव होता.

पहिल्या वेळी दाराची बेल वाजली. दुसऱ्या वेळी मीच चुकलो. तिसऱ्या वेळी गाडी छान लागली होती, घंटा एकामागून एक अचूक बसत होत्या, आणि मधेच एक घंटा अशी आली की माझी करंगळी तेव्हा खालीच होती. आई देवघरात आरती करत होती. तिची पितळी घंटाही जवळपास काळी दोनचीच, जरा चढी. मी थांबलो नाही, पण कान तिकडे गेला आणि बोटं कानामागे गेली. नंतर आईला म्हटलं, जरा हळू वाजव ना. ती म्हणाली, "देवाला जागं करायचंय, तुझ्यासारखं झोपवायचं नाही."

पंख्याशिवाय घाम फुटला होता. घामेजलेली करंगळी काळ्या पट्टीवरून घसरते तेव्हा घंटा वाजत नाही, ती खोकते. नवव्या वेळी खोकली, दहाव्या वेळी मुलगा परत आला. अकराव्या वेळी मात्र काय झालं कोण जाणे. उड्या बसल्या, अनामिका थरथरली, पियानोही जिना धावत चढला. शेवटच्या पानावर पोचलो, ऑक्टेव्हचा, म्हणजे खालचा आणि वरचा तोच सूर एकदम वाजवायचा, धडाका सुरू झाला, आणि कोपऱ्यावरून घंटागाडी आली. गाणं लावूनच आली. त्यावर आईचा आवाज, स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चढत गेलेला: "अरे, गाडी आली! ओला दाराशी ठेवलाय, सुका बाल्कनीत! ऐकतोयस का?"

ऐकत होतो. पण थांबलो असतो तर पुन्हा दीड वर्ष. मी दात-ओठ खात शेवटचा ठोका दिला आणि उठून तसाच सुका कचरा घेऊन खाली धावलो. गाडीवाला म्हणाला, "साहेब, एवढं हाफताय कशाला? थांबलो असतो की."

व्हिडिओ पाहिला. पावणेपाच मिनिटांचा. मोबाइलचा माइक आवाज वाढला की आपोआप दाबतो, त्यामुळे माझे ऑक्टेव्ह शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजल्यासारखे येतात. आई मात्र खणखणीत. बायको म्हणाली, "हाच टाक, बारावा व्हायच्या आत मला कुकर लावायचाय."

कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. अकराव्या सेकंदाला काकांचं "अप्रतिम सादरीकरण" आलं. पाठोपाठ नमस्काराचे सहा हात. आत्याला पंचवटीतल्या देवळांची आठवण झाली. एका भाच्याने विचारलं की 'हॅपी बर्थडे' येतं का. मामांनी लिहिलं, "घंटा जरा चढी आहे." कुठली, ते लिहिलं नाही. मावशीने एकटीने शेवटपर्यंत पाहिला असणार, कारण तिचा निरोप थेट आईच्या नावे होता: "ताई, आवाज अजून किती कणखर गं तुझा!" त्यावर एकोणीस अंगठे आले.

आईने तो व्हिडिओ शेवटून अर्ध्या मिनिटाचा, असा आतापर्यंत बऱ्याच जणींना दाखवलाय. परवा मी सहज पियानो उघडला तर ती शेजारी येऊन उभी राहिली.

"पुन्हा कधी करणार आहेस रेकॉर्डिंग?"

"का गं?"

"आदल्या दिवशी सांग. त्या दिवशी माझा घसा जरा बसला होता."