मालीशवाली फक्त बाळंतिणीलाच का?

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना हल्ली लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा, विषय निघतोच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, मान्यता दिली, २०२३ साली लिव्हिंग विलची किचकट कागदोपत्री पद्धत सोपी केली, आणि आता मावशी-काका एकमेकांना विचारतात, "तुम्ही केलंत का?" ही चर्चा मला गरजेची वाटते. व्हेंटिलेटर कधी लावायचा नाही, हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं बरं. पण नळ्या काढल्यावर पुढे काय? श्वास थांबेपर्यंतचे दिवस, कधी कधी आठवडे, त्या माणसाजवळ बसून करायचं काय, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

मी फिलिपिन्समध्ये, लगुना प्रांतातल्या लोस बान्योसला राहते. आमच्या शेजारच्या लोलाला, म्हणजे आजीला, यकृताचा कर्करोग झाला होता. उपचार थांबले, वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन ती घरी आली, आणि गल्लीतली हिलोत करणारी बाई तिच्याकडे येऊ लागली. हिलोत म्हणजे इथली पिढीजात अंगमर्दनाची विद्या. खोबरेल तेल कोमट करायचं, केळीच्या पानाची पट्टी तेलात माखून पाठीवरून सावकाश ओढायची. पान जिथे चिकटून अडकेल तिथे 'लामिग', म्हणजे गारठा, साठलाय असं मानतात आणि तिथे हात चालवतात. या निदानावर माझा विश्वास नाही. पण त्या बाईचा हात मी पाहिला आहे. ज्या पोटाला मुलीसुद्धा हात लावायला घाबरत, त्याच्या आसपास ती इतकी अलगद फिरे की लोलाच्या कपाळावरच्या आठ्या सैल होत. मग तिने मुलींना शिकवलं: पावलं कशी चोळायची, कूस कशी बदलायची, कुठे अजिबात दाबायचं नाही. रात्रीची पाळी मुलींनी घेतली.

त्याच दिवसांत ही बाई पलीकडच्या घरात बाळंतिणीलाही जात होती. तिचं पोट चोळायचं, कापडाने आवळून बांधायचं, औषधी पाल्याची वाफ द्यायची. हे पाहून कुठल्या मराठी बाईला आपली शेक-शेगडी आठवणार नाही? तेल, ओव्याची धुरी, बाळाला पायांवर घेऊन रगडणारी मालीशवाली, सगळं आपल्याकडे आहे आणि शहरातल्या फ्लॅटमध्येही टिकून आहे. फरक एवढाच की आपली मालीशवाली दोन-तीन महिन्यांनी निरोप घेते, ती ऐंशी वर्षांनी परत येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना आपण डायपर, एअरबेड आणि सेंटरमार्फत येणारी पगारी बाई देतो. हात मात्र लावतो तो स्पंज करण्यापुरता आणि शेवटी तुळशीपत्र ठेवायला.

आपल्याकडे हे कुणाला जमतच नाही, असं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा २०११ सालचा निकाल इच्छामरणाच्या प्रत्येक चर्चेत निघतो. पण केईएमच्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत, पिढी बदलली तरी, त्यांना ज्या मायेने सांभाळलं, त्याचा उल्लेख मोजक्या वेळा होतो. त्या निकालातच त्यांच्या सेवेचं तोंड भरून कौतुक आहे. कायद्याचा मुद्दा आपण उचलला आणि त्या हातांकडून शिकायचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. बाबायलान, म्हणजे पूर्वीच्या वैदू-पुरोहित स्त्रिया, स्पॅनिश मिशनऱ्यांनी चेटकिणी ठरवून दडपल्या. विद्या तगली ती गल्लीबोळांत. १९९७ साली कायदा करून सरकारने पारंपरिक उपचारांसाठी संस्था उभारली. आता रिसॉर्टच्या स्पामध्ये केळीचं पान महागड्या दरात मिळतं, आणि गरीब माणूस मोडलेलं हाड किंवा स्तनातली गाठ घेऊन डॉक्टरच्या आधी हिलोतकडे जातो. ते घातकच आहे. पायात रक्ताची गुठळी असेल, कर्करोग हाडांत उतरला असेल, तर चुकीच्या जागी जोर दिल्याने जीवावर बेतू शकतं.

आणि स्पर्शाने काय होतं, याचीही मर्यादा ओळखावी. २००८ साली अमेरिकेत प्रगत कर्करोगाच्या ३८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मसाजनंतर वेदना आणि मनःस्थिती लगेच सुधारली, नुसता हात ठेवल्यानेही थोडा आराम पडला, पण परिणाम टिकला नाही. म्हणजे मॉर्फिनला पर्याय नाही. भारतात २०१४ साली कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, तरी पुष्कळ घरांत त्याची धास्ती आहे. ती धास्ती घालवणं मालीशच्या आधी यायला हवं. पण मरणाच्या दारात 'टिकला नाही' याला किती महत्त्व द्यायचं? ज्याच्याकडे संध्याकाळच उरली आहे, त्याला ती संध्याकाळ सुसह्य झाली तर मला ते पुरेसं वाटतं.

लोलाची एक मुलगी दुबईत परिचारिका आहे. जगभरच्या म्हाताऱ्यांची कूस बदलणाऱ्या या देशातल्या मुली स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉलवर पाहतात. आपली मुलंही न्यू जर्सीहून तेच करतात. म्हणून हे ओझं फक्त लेकीसुनांवर टाकून चालणार नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र १९९७ पासून अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेत आहे. अशा ठिकाणच्या परिचारिकांनी सेंटरच्या बायकांना आणि मालीशवाल्यांना काही दिवस शिकवावं: कुठे हात लावायचा, कुठे नाही, धाप लागली तर कसं टेकवून बसवायचं. आणि त्या कामाचे पैसे बाळंतिणीच्या मालीशपेक्षा कमी असू नयेत, कारण हे काम जास्त जड आहे, अंगालाही आणि मनालाही.