उजेडाची मोजदाद

आमचे दाजी लग्नाचे फोटो काढतात. हळदीचे फोटो काळवंडलेत की पांढरेफटक पडलेत, हे एकेक न उघडता कळावं म्हणून त्यांना प्रत्येक फोटोचा हिस्टोग्राम हवा होता. शून्य म्हणजे मिट्ट काळोख, २५५ म्हणजे लख्ख पांढरं, आणि मधल्या प्रत्येक उजेडाचे किती पिक्सेल, एवढाच आलेख. प्रोग्राम भाच्याने पायथनमध्ये लिहिला. तो पळवायची जबाबदारी माझी, कारण मी आयटीत आहे आणि नाही म्हणायची सोय ताईने ठेवलेली नाही.

भाचा कष्टाळू. दोन फॉर लूप लावून एकेक पिक्सेल तपासत होता. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका फोटोला दोन कोटी चाळीस लाख फेऱ्या. एका लग्नाची मोजणी संपेपर्यंत जोडप्याच्या घरी बारसं आलं असतं.

"मामा, आठ थ्रेड टाकू?"

टाकले, म्हणजे एकाच वेळी राबायला आठ गडी. ढिम्म फरक नाही. पायथनचं जीआयएल नावाचं कुलूप म्हणजे आठ बिऱ्हाडांच्या चाळीतला एकुलता एक संडास: रांग लांब, आत एकच. मग लूप काढून नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतलं बिनकाउंट हे मोजणीचं फंक्शन लावलं. मोजणी चुटकीसरशी! तरी दाजी म्हणाले, "अजून गोल गोल फिरतंयच की."

वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर लावल्यावर कळलं, मोजणी आता नुसती नावाला उरली होती. वेळ जात होता जेपेग, म्हणजे फोटोच्या फाइली, उघडण्यात. गंमत बघा, जेपेगमध्ये उजेड आणि रंग मुळात वेगवेगळेच साठवलेले असतात. आमचा प्रोग्राम आधी त्यांचं लाल-हिरवं-निळं करायचा, मग लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७, निळ्याला ०.११४ने गुणून तोच उजेड पुन्हा शोधून काढायचा. इतकी शिस्तबद्ध उठाठेव पाहून मला भरून आलं.

पिलो या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीतल्या ड्राफ्ट या फंक्शनला 'करड्यात आणि छोटं उघड' म्हटलं, की तो जेपेग थेट एक-अष्टमांश लांबी-रुंदीत उलगडतो. पिक्सेल चौसष्टपट कमी. इथे दाजी अडले. इतकं आकसलं की शालूच्या जरीवरची चमक आजूबाजूच्या पिक्सेलांत मिसळून जाते, आणि फ्लॅशने जरीकाम जळून पांढरंफटक पडलं का हेच तर त्यांना बघायचं होतं. निम्म्यावर तडजोड झाली.

उरलेला वेळ आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब खात होतं. दर फोटोला नवी फिगर, म्हणजे आलेखाचा कोरा कागद, बंद एकही नाही. वीसच्या वर गेल्या की ते बिचारं स्वतः इशारा देतं. भाच्याने इशाराच बंद करून ठेवला होता. मुलगा पुढे जाईल. मी आलेखाच्या २५६ रेघा सरळ पिलोकडूनच मारून घेतल्या.

मग मात्र अख्खं लग्न चहा निवायच्या आत आटोपलं. दाजींनी चष्मा कपाळावर चढवून आलेख न्याहाळले.

"डोंगर झकास आलेत हो. अल्बमच्या शेवटच्या पानावर टाकायचे का? पार्टीला वाटेल, काहीतरी सायंटिफिक दिलंय."